न्हाणीचे कुलूप

आमच्या घरी गिझर आला तो एका रविवारी, आणि पुढचे अकरा दिवस तो खोक्यासकट दिवाणावर बसून होता. पाहुणा आला की त्याला गिझरशेजारी बसावे लागे. रात्री मुलगी खोके खाली उतरवी आणि सकाळी पुन्हा दिवाणावर ठेवी. शेजारची माणसे विचारत, "काय हो, टीव्ही आणला का नवा?" मी म्हणे, "नाही, पाणी तापवायचा आहे." मग पुढचा प्रश्न ठरलेला असे, "मग लावत का नाही?"

लावत नव्हतो, कारण घरात जागा नव्हती. निदान मी तरी सगळ्यांना तसेच सांगत होतो.

बाभुळगावच्या आमच्या वस्तीत हे घरकुल आईच्या नावाने रमाई आवास योजनेतून मंजूर झाले. २०१२ साली ते बांधून पूर्ण झाले. वडील आधीच वारलेले, आई शेतमजुरी करणारी आणि मी तेव्हा बी.कॉम. होऊन एका कार्यालयात हंगामी लिपिक. योजनेचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट. त्यात एक पुढची खोली, एक स्वयंपाकाची खोली, आणि मागच्या अंगाला चार बाय पाच फुटांची न्हाणी. संडास नंतर वेगळा बांधला. राहणारी माणसे चार: आई, मी, पत्नी आणि आता दहावीत असलेली मुलगी. त्यात आईची बाज, मुलीचे टेबल, धान्याची कोठी, शिलाई मशीन, कपाट. घरात वारा यायला जागा आहे हेच पुष्कळ, असे आई म्हणते.

गिझर का आणला, हे आधी सांगितले पाहिजे. सांगताना लाज वाटते, पण लाज वाटणारी गोष्टच कधी कधी सांगण्यासारखी असते.

गोष्ट गेल्या वर्षीच्या २५ डिसेंबरची. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, म्हणून आपल्याकडे हा दिवस स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी यवतमाळला कार्यक्रम होता आणि मला बोलायचे होते. थंडी कडाक्याची होती. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि धरणाकडून वारा सुटला की पहाटे हात खिशातून काढवत नाही. पत्नी पाचला उठली. मागच्या आंगणातल्या चुलीवर पऱ्हाटी पेटवून तिने गंजभर पाणी ठेवले. पाणी उकळल्यावर तो गंज फडक्याने धरून ती माझ्या बादलीकडे निघाली. जमीन दवाने ओली होती. तिचा पाय सरकला. गंज पडू नये म्हणून तिने तो घट्ट धरला, पण अर्धे पाणी उजव्या पायावर सांडले.

मी तेव्हा आत भाषणाचे कागद लावत होतो. "काय झालं?" म्हणून ओरडलो. ती म्हणाली, "काही नाही, पाणी सांडलं. तुम्ही आंघोळ करून घ्या, गाडी चुकंल." उरलेल्या पाण्यात थंड पाणी मिसळून मी आंघोळ केली, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि एस.टी. पकडली.

कार्यक्रमात मी पंचवीस मिनिटे बोललो. स्त्रियांच्या गुलामीची मुळे घराच्या आत आहेत, असेही बोललो. टाळ्या झाल्या. रात्री आठला घरी आलो तेव्हा ती बाजेवर पाय वर करून बसली होती आणि पायावर लिंबाएवढे दोन फोड आले होते. मुलगी मान खाली घालून अभ्यास करत होती, माझ्याशी बोलली नाही. आई म्हणाली, "दिवसभर थंड्या पाण्यात पाय ठेवला तिनं. दवाखान्यात न्यायले तू नव्हता, अन् ती एकटी जाईना."

तो पाय बरा व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत चुलीवरून पाणी मी उतरवले. पहिल्याच दिवशी कळले की उकळत्या पाण्याचा भरलेला गंज म्हणजे काय वजन असते, आणि वाफेने डोळ्यांवर धुके आले की पाय कुठे पडतो ते दिसत नाही. हे काम ती लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात रोज चार माणसांसाठी करत होती. तिच्या आधी माझी आई करत होती.

जानेवारीत पत्नीच्या बचत गटाचे वाटप झाले. तिने पैसे हातात घेतले आणि मला एवढेच सांगितले, "मी गिझर घेणार हाय. कोणता घ्यायचा ते तुम्ही पाहा, शिकलेले आहात."

मी पाहायला लागलो. वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे आधी हिशेब मांडला. माझ्यासारखेच अनेक जण पहिल्यांदा ही वस्तू घेत असतील, म्हणून जे शिकलो ते येथे देतो.

स्वस्तात स्वस्त म्हणजे बादलीत सोडायचा रॉड. आपल्या वस्त्यांत तो घरोघरी आहे, आणि सर्वांत धोक्याचाही तोच. लोखंडी बादलीत रॉड सोडलेला, घरात अर्थिंग नाही, आणि पाणी तापले का हे बोट घालून पाहायची सवय. शॉक बसायला दुसरे काही लागत नाही. रॉड वापरणे भागच असेल तर बादली प्लास्टिकची घ्या, आणि आधी बटण बंद करून पिन काढा, मगच पाण्याला हात लावा. लहान मूल असलेल्या घरात तर रॉड नकोच.

दुसरा गॅसचा गिझर. आकाराने लहान, पाणी लगेच तापते, विजेचे बिल नाही. दुकानदाराने तोच पुढे केला, कारण "जागा कमी लागते साहेब." पण या गिझरमध्ये गॅस जळतो आणि तो बंद खोलीत जळला की हवेतला प्राणवायू कमी होतो व कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत गुंगी येते. बंद न्हाणीघरात अशी माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. हा गिझर लावायचाच असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत घ्यावा. चार बाय पाचच्या खोलीत दार लावून तो पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरे सौर उपकरण. ते सगळ्यांत चांगले, उन्हाला आपल्याकडे तोटा नाही. पण शंभर लिटरच्या टाकीत पाण्याचेच वजन शंभर किलो, वरून टाकी, पत्रे आणि सांगाडा. स्लॅबचे घर असेल तर चालते, टिनाच्या छपराला ते पेलत नाही. आमचा स्लॅब आहे, पण सुरुवातीचा खर्च पेलणार नव्हता.

राहिला विजेचा साठवणीचा गिझर. म्हणजे आत टाकी, टाकीत विजेचे तापणारे वेटोळे, आणि उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून भोवती जाड अस्तर. आम्ही पंधरा लिटरचा घेतला. पंधरा लिटर पाणी थोडके वाटते, पण ते साठ अंशांपर्यंत तापवले की त्यात थंड पाणी मिसळून दोन माणसांची आंघोळ होते. विजेचा हिशेब असा: पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला साधारण पाऊण युनिट वीज लागते. दोन हजार वॅटचा गिझर असेल तर वीस-बावीस मिनिटे. तेवढ्या वेळापुरता सुरू करायचा, मग बंद करायचा आणि मगच आंघोळीला जायचे. दिवसभर चालू ठेवला तर बिल वाढणारच, मग गिझरला बोल लावू नये.

एवढा अभ्यास करून वस्तू घरी आणली, वायरमनला बोलावले. तो ओळखीचा, वस्तीतलाच पोरगा, आय.टी.आय. झालेला. आल्या आल्या त्याने विचारले, "काका, जागा कुठं हाय?"

मी त्याला स्वयंपाकाची खोली दाखवली. ओट्याच्या वर लावता येईल का? तो म्हणाला, "लावता येईल, पण तिथून पाणी बादलीनंच न्यावं लागंल. मंग गंज काय अन् बादली काय?" त्याचे बरोबर होते. मी मागची बाहेरची भिंत दाखवली. तो म्हणाला, पावसात विजेची वस्तू उघड्यावर ठेवायची तर वर छप्पर पाहिजे, आणि भिंत चार इंची आहे. गिझर पाण्याने भरला की पंचवीस किलोच्या घरात जातो. चार इंची भिंतीला नुसते खिळे ठोकून चालत नाही, आरपार बोल्ट घालून मागून पट्टी द्यावी लागते. मी पुढच्या खोलीचा कोपरा सुचवला तेव्हा तो हसला. म्हणाला, "काका, गिझर न्हाणीत लावतात. तुमच्या घरी न्हाणी नाई का?"

न्हाणी होती. तिला कुलूप होते, आणि किल्ली माझ्या जुडग्यात होती.

२०१४ पासून मी आमच्या जयंती उत्सव समितीचा सचिव आहे. त्या वर्षी समितीने वर्गणीतून अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे घेतले. विहाराला तेव्हा दार नीट नव्हते, चोरीची भीती होती. मी म्हणालो, "माझ्या घरी राहू द्या." घरात जागा नव्हती, म्हणून न्हाणीत ठेवले. चार दिवसांसाठी ठेवले. मग सतरंज्या आल्या. पताका आल्या, पंचशील ध्वजाच्या काठ्या आल्या, भोजनदानाची दोन मोठी गंजे आली, लाईटच्या माळा, दर वर्षीचे बॅनर, पावतीपुस्तके, आणि माझ्या साप्ताहिकांचे व कात्रणांचे गठ्ठे. ओल लागू नये म्हणून न्हाणीचा नळ बंद केला. सामान समाजाचे, म्हणून कुलूप लावले.

आणि आंघोळी? पुरुषांचे काय, मी आंगणातल्या फरशीवर लुंगी लावून करत होतो. आई, पत्नी आणि मुलगी बांबूचा तट्टा आणि दोरीवर टाकलेली जुनी साडी यांच्या आडोशाला करत होत्या. उजाडायच्या आत. उजाडले की मागच्या रस्त्याने माणसे शेताकडे जायला लागतात. पावसाळ्यात डोक्यावर पोते घेऊन. मुलगी मोठी झाली, तिचे ते चार दिवस यायला लागले, तेव्हाही त्याच आडोशाला. शेजारी पक्के न्हाणीघर होते, सरकारने पैसे दिलेले होते, आणि त्याला मी कुलूप लावले होते.

पत्नीने एकदा विचारले होते. २०१५ की १६ असेल. "ते सामान हलवता येईल का?" मी म्हणालो होतो, "समाजाचं सामान आहे, रस्त्यावर टाकू का?" त्यानंतर तिने विचारले नाही. मी समजलो की तिची अडचण मिटली.

वायरमनपुढे मी पुन्हा तेच म्हणायच्या बेतात होतो की जागा नाही. बाजेवरून आई म्हणाली, "जागा हाय ना बापू. तुह्या सामानानं अडवली हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच भांडीकुंडी, त्यातच सरपण, त्यातच जाते आणि बकरी. अभ्यासाला जागा नाही. रामजीबाबा काय करत? पोराला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवत आणि मग त्याच्या जागी स्वतः आडवे होत. हा प्रसंग मी भाषणांत कितीदा सांगितला असेल. सांगताना नेहमी बाबासाहेबांच्या कष्टांबद्दल बोललो. त्या खोलीत जागा निघाली ती बापाने स्वतःची झोप मोडली म्हणून, हे त्या रात्री पहिल्यांदा नीट लक्षात आले. ती खोली काही मोठी झाली नव्हती. घरात ज्याचा शब्द चालत होता त्याने स्वतःचे काही सोडले होते.

आमच्या घरात मात्र आजवर ज्यांचा शब्द चालत नव्हता त्यांनी सोडले होते.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बोलावली. सामान विहारात न्यायचे म्हटले तर कुरकुर झाली. कोणी म्हणाले, विहार गळते. कोणी म्हणाले, "सचिवाच्या घरी सुरक्षित आहे, आता एवढ्यात काय झालं?" एक जण हसत म्हणाला, "वहिनींना गिझर आला म्हणून भोंग्याला घर नाही!" सगळे हसले. नेहमीप्रमाणे मीही हसलो असतो. त्या दिवशी हसू आले नाही. मी सरळ सांगितले की गेली अनेक वर्षे माझ्या घरातल्या तीन बायका उघड्यावर आंघोळ करतात आणि त्यांच्या न्हाणीत आपला भोंगा आहे. बैठक गप्प झाली. एक वयस्कर समाजबांधव हळूच म्हणाले, "माह्याही घरी न्हाणीत युरियाचे पोते हाय." दुसरा म्हणाला, त्याच्या घरी कापूस भरून ठेवतात, भाव वाढेपर्यंत. मोजले तर बैठकीत आम्ही अकरा होतो आणि सहा जणांच्या घरी न्हाणी असून तिचे कोठार झाले होते.

मग मार्ग निघायला वेळ लागला नाही. विहाराच्या मागच्या खोलीवर पत्रे टाकून घेतले, दाराला लोखंडी पट्टी बसवली, मजुरी सगळ्यांनी केली. अॅम्प्लिफायर तिथे गेला. फाटके बॅनर मी काढून टाकले. साप्ताहिकांचे गठ्ठे सोडवताना मात्र हात थांबला. पंधरा-वीस वर्षांचे वाचन त्यात होते. मुलीने जवळ बसून प्रत्येक अंक चाळला, महत्त्वाची कात्रणे एका वहीत चिकटवली, बाकी रद्दीत दिले. चारचौघांच्या जातीच्या दाखल्यांच्या प्रती होत्या, त्या ज्याच्या त्याला नेऊन दिल्या. न्हाणी रिकामी झाली तेव्हा मला ती फार मोठी वाटली. भिंतीवर आमच्या गवंड्याने बोटाने कोरलेले साल अजून तसेच होते.

गिझर बसवायला एक दिवस पुरला. भिंतीतून आरपार बोल्ट घातले. घरात नावापुरतेच अर्थिंग होते, ते नव्याने खड्डा खणून केले. या खर्चात कोणी काटकसर करू नये. गिझरसाठी वेगळी जाड वायर आणि वेगळा एम.सी.बी. घेतला. बटण न्हाणीच्या बाहेर ठेवले, म्हणजे ओल्या हाताने त्याला हात लागत नाही. स्लॅबवरची पाण्याची टाकी दोन फूट उंच ओट्यावर चढवली, कारण टाकी गिझरच्या वर असल्याशिवाय गरम पाणी जोराने येत नाही. गिझरला वरून पाणी सोडले, गरम पाण्याच्या नळातून धार लागली, टाकी भरल्याची खात्री झाली, मगच वीज दिली. रिकाम्या गिझरला वीज दिली की आतले वेटोळे जळते. जादा दाब बाहेर सोडणारी एक झडप त्याला असते, तिच्यातून कधी थेंब गळतात. गळते म्हणून ती कोणी बुजवू नये. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून दोन-एक वर्षांनी गिझर उघडून साफ करून घ्यायला वायरमनने बजावले आहे. न्हाणीला एक झरोका होता, त्यातली विटांची भर काढली. दाराला आतून कडी नव्हतीच, ती बसवली.

पहिली आंघोळ कोणी करायची यावर वाद झाला नाही. पत्नीने आईला पुढे केले.

आईविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती लहान असताना तिच्या माहेरच्या गावी एका मोठ्या वाड्यात तांब्याचा बंब होता. बंब आता नव्या पिढीला माहीत नाही. एकात एक अशी दोन नळकांडी, मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, वर ओतायला नरसाळे आणि खाली तोटी. वरून थंड पाणी ओतले की तोटीतून गरम पाणी येते. माझी आई त्या बंबासाठी सरपणाची मोळी नेऊन टाकायची. बंब मागच्या ओसरीत दिसायचा. विस्तवाजवळ थंडीचे उभे राहावेसे वाटे, पण मोळी आंगणात टाकून मागे फिरायचे, बंबाच्या पाण्याला सावली पडू द्यायची नाही, हा नियम. तिने फोडलेल्या लाकडाने पाणी तापायचे, ते पाणी तिच्या अंगावर कधी पडले नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा, आणि ही गोष्ट स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षांनीची. आई हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात राग नसतो. मला येतो.

तर आई आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. पाण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज येईना. वीस मिनिटे झाली. मी घाबरलो, दारावर टकटक केली. "माय, बरी आहेस ना?"

आतून म्हणाली, "हाव. बसली हावो. जा तू."

बाहेर आली तेव्हा केस ओले, लुगडे नीट नेसलेले. आजवर आडोशाला घाईघाईत नेसून ती आत येऊन पुन्हा नेसायची. मी विचारले, "पाणी गरम होतं ना?" मला वाटले, ती बंबाचे काही बोलेल. ती म्हणाली, "पाणी गरम हाय. पण कडी आतून लागते रे बापू. कोणी येते का म्हून पाहा लागत नाई."

सत्तरी ओलांडलेल्या बाईची ती आतून कडी लावून केलेली पहिली आंघोळ होती.

आम्हाला वाटते की बायकांना सोयी पाहिजेत. सोयी पाहिजेतच, पण त्या दिवशी कळले की त्यांना वीस मिनिटे पाहिजे होती, कोणी येते का म्हणून न पाहता बसायला. ती वीस मिनिटे आमच्याच घरात होती. किल्ली माझ्या खिशात होती.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. हिवाळ्यात बिल किती वाढते म्हणून मी वही ठेवली होती. चार माणसांच्या आंघोळीला दिवसाला दीड युनिट वीज लागते. महिन्याचे पंचेचाळीस युनिट. ही रक्कम लहान नाही. म्हणून टीव्हीचा एक पॅक कमी केला आणि मी कार्यालयाबाहेरच्या टपरीवरचा दुपारचा चहा सोडला. पण आता पऱ्हाटी आणायला पत्नीला शेतात जावे लागत नाही, धुराने आईला जो खोकला लागायचा तो कमी झाला, आणि मुलीला सकाळचा एक तास अभ्यासाला मिळाला. तो हिशेब माझ्या वहीत कोणत्या रकान्यात मांडायचा ते बी.कॉम.ला शिकवले नव्हते.

चूल काढलेली नाही. संध्याकाळी आई तिच्यावर भाकरी करते, कारण गॅसवरची भाकरी तिला भाकरी वाटत नाही. तिच्या आवडीची चूल राहू द्यावी, फक्त उकळत्या पाण्याचा गंज तिच्यावरून कोणाच्या हातात जाऊ नये, एवढेच ठरवले.

बैठकीतल्या त्या सहा घरांपैकी चार घरांच्या न्हाण्या आतापर्यंत मोकळ्या झाल्या. तिथे गिझर नाही, एका घरी रॉड आहे, बाकी चुलीवरचेच पाणी. पण दार आहे, कडी आहे. दोन घरांत अजून युरिया आणि कापूस आहे. मी तिथे जातो, बसतो, विषय काढतो. घरचा पुरुष म्हणतो, जागा नाही. मी म्हणतो, मीही अकरा दिवस हेच म्हणत होतो.

समाजबांधवांनो, हा लेख वाचून झाल्यावर उठा आणि आपल्या घराच्या मागच्या अंगाला एक चक्कर मारून या. न्हाणी असेल तर तिचे दार उघडून पाहा, आत काय आहे. काही ठेवलेले असेल तर ते कोणाचे आहे, हे स्वतःला विचारा. बहुतेक ते तुमचेच असेल, किंवा समाजाच्या नावाने तुम्ही ठेवलेले असेल. गिझर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. दार आजच मोकळे करता येते.

या २५ डिसेंबरला पुन्हा यवतमाळला बोलावणे होते. पहाटे साडेचारला उठून मी बटण लावले. पाणी तापल्यावर बटण बंद केले आणि पत्नीला उठवले. म्हणालो, "तू आधी करून घे. मी नंतर करतो, गाडी चुकली तर दुसरी मिळेल." ती म्हणाली, "भाषण हाय ना तुमचं?" मी म्हणालो, "आहे. यंदा थोडं लहान करीन."

गाडी चुकली नाही. भाषण मात्र खरेच लहान झाले. मी न्हाणीच्या कुलपाची गोष्ट सांगितली आणि खाली बसलो. टाळ्या कमी पडल्या. पण कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "दादा, हेच आमच्या घरी येऊन आमच्या मालकाले सांगता का?"

मी त्यांच्या गावाचे नाव लिहून घेतले आहे. येत्या रविवारी जाणार आहे.

जयभीम.